कनकाबाईंचं 'नेदें'

सन अठ्ठेचाळीस ते सत्तावन्न या नऊ वर्षांत कनकाबाई पडद्यावर सहा वेळा विष पिऊन मेल्या, चौदा वेळा बोहल्यावर चढल्या, दोनदा वेड्या झाल्या आणि एकदा तर वाघाच्या तोंडून परत आल्या. एवढं सगळं करूनही मद्रासमधल्या त्यांच्या तिरुवल्लिक्केणीच्या बाजारात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. भेंडीवाली इतर बायकांशी जेवढी भांडे तेवढीच त्यांच्याशी भांडे, एक शब्द कमी नाही. कारण मरायला, नटायला आणि वेडं व्हायला पडद्यावर दुसऱ्याच बायका असत. कनकाबाईंचा असे तो फक्त आवाज.

त्या काळी मद्रासच्या कोडंबाक्कमला सिनेमाचे स्टुडिओ भाताच्या खाचरांसारखे एकाला एक लागून होते. नायिका कुठून कुठून येत. चेहरा बघावा तर लक्ष्मी, आणि तमिळ बोलायला तोंड उघडलं की वाळूतून खडे निवडल्यासारखं व्हायचं. मग तोंड तिचं आणि जीभ कनकाबाईंची अशी वाटणी होई. नायिकेचं नाव भिंतीभिंतीवर लागे. जिभेला नाव नसे.

हे काम त्यांच्याकडे आलं ते नळावरून. स्टुडिओत आवाज भरण्याचं खातं सांभाळणारे गुरुमूर्ती मागच्याच गल्लीत राहत. एका सकाळी त्यांना नळावर तीन बायकांचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं: एक म्हातारी, एक मध्यमवयीन, एक जेमतेम सोळाची. आता केस ओढणार, या आशेनं ते चहा टाकून धावले. बघतात तर तिथं एकच बाई कमरेवर कळशी घेऊन शेजारणीला कालचं भांडण सांगत होती, सर्व पात्रांसह.

"अम्मा," गुरुमूर्ती म्हणाले, "हे सगळं तुम्ही एकट्या करता?"

"भांडायला तीन माणसं रोज कुठून आणू?" कनकाबाई म्हणाल्या.

कनकाबाईंचं घर तंजावरी मराठ्यांचं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी राजाबरोबर दक्षिणेत आले आणि परत जायचं राहून गेलं. यजमान सत्यनारायण राव रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. नावाप्रमाणेच घरात त्यांचं असणं मंगल, पण त्यांनी स्वतःहून काही बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसे. बोलायचं काम थोरले बंधू वादिराज राव करीत. ते अकौंटंट जनरलच्या कचेरीत होते, शिवाय ज्ञातीच्या मंडळाचे चिटणीस होते. त्यामुळे घरातलं प्रत्येक वाक्य त्यांच्या सहीनंच बाहेर पडे.

स्टुडिओच्या कामावर वादिराजांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. निकाल अर्थातच धाकट्या भावाला उद्देशून होता. त्या घरात धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नसे, आणि दीरही तिच्याशी बोलत नसे. मधे सत्यनारायण नावाचं टपाल खातं होतं.

"सत्या, तिला सांग. आवाज देतेस तर दे. आवाज काय, वाऱ्यावर जातो. मात्र तोंड दिसतां नये आणि नांव छापतां नये. नांव गेलें की गेलें. आणि कोठल्या सिनेमांत काय केलें तें या घरांत बोलणें नाही."

अशा रीतीनं कनकाबाई बिननावाच्या झाल्या.

स्टुडिओतलं काम म्हणजे तप होतं. आवाज भरायची खोली चहूकडून गोधड्या लावून बंद केलेली. पंखा चालू ठेवला तर त्याची घरघर मायकात जाते म्हणून मद्रासच्या मे महिन्यातही पंखा बंद. सिनेमाचा एकेक तुकडा टोकाला टोक जोडून गोल केलेला असे. त्याला लूप म्हणायचं. तो पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरे. नायिका तेच वाक्य पंचवीस वेळा बोले आणि तिचे ओठ उघडतील तेव्हा आपले उघडायचे, मिटतील तेव्हा मिटायचे. रेशमी लुगडं सळसळतं म्हणून नेसायचं नाही. बांगड्या किणकिणतात म्हणून काढून ठेवायच्या. बाकीचं सगळं कनकाबाईंनी ऐकलं, बांगड्यांचं नाही. "नवरा धडधाकट कचेरीत बसलाय आणि मी इथं बांगड्या उतरवू?" त्यांनी दोन्ही मनगटांना यजमानांचे दोन रुमाल घट्ट गुंडाळले. पुढं तीच त्या खोलीची रीत झाली. नवी मुलगी कामावर आली की तिला आधी विचारत, रुमाल आणलेत का.

भाषेच्या बाबतीत मात्र कनकाबाईंना दोन्हीकडून मार होता. स्टुडिओतले तमिळ पंडित म्हणत, "कनकम्मा, वाक्य बरोबर, पण मधेच कुठंतरी रावांच्या घरचा वास येतो." आणि घराच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेल्या कुमुदिनीबाई राहत, त्या म्हणत, "तुमचं मराठी म्हणजे गंमतच हो! मधेच तमिळ, मधेच पोथी." कनकाबाईंची आई काही द्यायचं नसलं की 'नेदें' म्हणे. शेजारच्या अलमेलू मामींनी सांबाराची कृती मागितली की "नेदें!" असं म्हणून दार लावून घेई. तमिळ मुलखात राहून राहून तिचा शेवटचा अनुस्वार चांगला गलेलठ्ठ झाला होता. 'नेदेम्' म्हणताना ती ओठ असे मिटे की पुढं विनवणीला फट राहू नये. कनकाबाईंनी तोच शब्द उचलला होता. एकदा तो ऐकून कुमुदिनीबाई खो खो हसल्या.

"नेदें काय हो! माणसानं 'देणार नाही' म्हणावं."

"'देणार नाही' म्हणेपर्यंत मागणारा घेऊन जातो," कनकाबाई म्हणाल्या.

वादिराजांचं सिनेमावर प्रेम होतं, पण ते प्रेम फक्त पौराणिक सिनेमावर. एका पतिव्रतेचा सिनेमा त्यांनी तीनदा पाहिला आणि तीनदा रडून खांद्यावरचं अंगवस्त्र भिजवून घरी आले. जेवताना म्हणाले, "सत्या, त्या सतीचें बोलणें ऐकलेंस? बोलावें तर ऐसें! आमच्या घरच्या बायकांनी शिकावें." स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या कनकाबाईंनी त्यांच्या पानात रसमचा आणखी एक डाव पाठवला. त्या सतीच्या अंगात रुमाल बांधून आपणच शिरलो होतो, हे सांगायचा प्रश्नच नव्हता. तशी अट होती.

सत्तावन्न साली स्टुडिओचे मालक मुंबईला गेले. त्यांना सगळे मुदलाळी म्हणत, म्हणजे शेठजी. येताना ते युगोस्लाव्हियाचा एक सिनेमा घेऊन आले. त्यात घोडे होते, डोंगर होते, बंदुका होत्या आणि गाणं एकही नव्हतं. "तमिळमध्ये बोलका करा," ते म्हणाले, "गाण्यांचं मी बघतो." सिनेमाचं तमिळ नाव ठरलं 'कल्नेंजक्कारी', म्हणजे दगडाच्या काळजाची बाई.

ती बाई म्हणजे दारिंका नावाची सर्बियन नटी. पहिला लूप फिरला आणि कनकाबाई बोलायचंच विसरल्या. आतापर्यंतच्या नायिका रडतानासुद्धा काजळ सांभाळून रडत. ही बाई केस विस्कटलेली, नाकाचा शेंडा थंडीनं लाल, डोक्याला फडकं बांधून पिठाच्या गोण्या ओढत होती. आणि तिच्यावरून नजर हटत नव्हती.

"ही नायिका?" कनकाबाईंनी विचारलं.

"तिच्या देशात ही हॉटेलात शिरली तर लोक उठून उभे राहतात म्हणे," गुरुमूर्ती म्हणाले आणि सिनेमाबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं.

ते घरी सत्यनारायणांनी वाचून दाखवलं. कचेरीत टिपणं वाचून वाचून त्यांना दुसऱ्या सुरात वाचता येत नसे. "विषय: दारिंका. जन्म: बेलग्रेडनजीकच्या गावीं, लोहाराच्या घरीं. सोळाव्या वर्षीं फिरत्या नाटकमंडळींत दाखल. लढाईच्या काळांत डोंगरांत सैनिकांपुढें नाटकें केलीं. एकदां रंगमंच म्हणून मोडकी बैलगाडी. तदनंतर सिनेमे अकरा, बक्षिसें चार."

"आणि घरचे?" कनकाबाईंनी विचारलं.

सत्यनारायणांनी पान उलटलं. "आहे, आहे. वडिलांचा विरोध. वडील म्हणाले, नाटक कर, पण माझ्या घराचें नांव लावूं नको, दुसरें घे. त्यावर मुलीचें उत्तर..." ते थांबले, पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच कचेरीचा सूर सोडून म्हणाले, "ती म्हणाली, नांव तुम्ही दिलें तेव्हां तुमचें होतें. आतां मला चिकटलेंय. सोलून घेतां येत नाही."

कनकाबाईंनी ते माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. इतकं, की शेवटी सत्यनारायण म्हणाले, "अगो, एवढ्यांदा तर माझें लग्नाचें पत्रही वाचलें नाही कोणी."

गाडी अडली ती सिनेमाच्या मध्यावर. दारिंका विधवा चक्कीवाली. शत्रूचा अधिकारी येतो, चक्कीची किल्ली मागतो. ती दारात आडवी उभी राहते आणि दोनच अक्षरं बोलते: "ने दाम्." तिच्या भाषेत याचा अर्थ, देत नाही. बाईचा चेहरा पडदाभर. ओठ उघडतात, आणि शेवटी 'म्' वर असे मिटतात की कुलूपच.

गुरुमूर्तींनी तमिळ लिहून आणलं होतं, "तरमाट्टेन." अर्थ अचूक. पण दारिंकाचे ओठ मिटून झाल्यावरही कनकाबाई अर्ध्या शब्दात होत्या. मग त्यांनी "वेण्डाम्" करून पाहिलं. ओठ बेमालूम बसले! पण वेण्डाम् म्हणजे नको. तिकडं अधिकारी बंदूक रोखून किल्ली मागतोय आणि ही म्हणतेय, नको. जणू तो कॉफीचा पेला पुढं करत होता. यंत्र चालवणारा हसला, गुरुमूर्ती हसले. कनकाबाई हसल्या नाहीत. लूप फिरत होता, पंखा बंद होता, मनगटावरचे रुमाल ओले झाले होते. सतरा वेळा झालं.

अठराव्या वेळी किल्ली मागायला अधिकाऱ्याचा हात पुढं आला आणि कनकाबाईंच्या तोंडून निघून गेलं,

"नेदें."

अनुस्वार आईचा, गलेलठ्ठ. ओठ दारिंकाच्या ओठांबरोबर उघडले आणि दारिंकाच्या ओठांबरोबर मिटले. पडद्यावरची बाई पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलल्यासारखी वाटली.

"हे काय होतं?" गुरुमूर्तींनी हळूच विचारलं.

"चुकलं," कनकाबाई म्हणाल्या. "आमच्या घरचं निघालं."

"चुकलेलं असू दे. अर्थ काय?"

"तिचा जो, तोच."

मुदलाळींना दाखवलं तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. "हे तमिळ नाही."

"नाही," गुरुमूर्ती म्हणाले.

"हिंदी? हिंदी असेल तर हिंदीविरोधवाले माझा पडदा जाळतील."

"मराठी आहे, मुदलाळी. तेही हल्लीचं नव्हे. किल्ली मागितल्यावर बाई दार अडवून जे म्हणते, त्याचा अर्थ लोकांना सांगावा लागत नाही."

मुदलाळींनी तो तुकडा पाचदा पाहिला. पाचव्यांदा त्यांनी स्वतःच ओठ मिटले. "राहू दे," ते म्हणाले. "पोस्टरवर हाच शब्द घाला. एवढा मोठा. उद्यापासून मद्रासची पोरं हेच ओरडतील."

"आणि माझं नाव?" कनकाबाईंनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. या खोलीत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"कसलं नाव?" मुदलाळी म्हणाले. "आवाजाचं नाव कोण घालतं? लोकांना वाटलं पाहिजे दारिंकाच बोलतेय."

"दारिंका तमिळ बोलते असं वाटणारा माणूस तुमच्या मद्रासात एक दाखवा. पोस्टरवर शब्द माझ्या आईचा घालणार, आवाज माझा घालणार, आणि नाव घालायला जागा नाही? उरलेला अर्धा सिनेमा तुमचा तुम्ही बोला." आणि मनगटाचे रुमाल सोडून त्यांनी पिळले. बांगड्या त्या खोलीत नऊ वर्षांनी वाजल्या.

नऊ दिवस कनकाबाई घरी बसल्या. म्हणजे बसल्या नाहीत, त्यांनी वर्षभराचे वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घातले. तिकडं मुदलाळींनी दुसरी मुलगी आणून पाहिली. अर्ध्या सिनेमात दारिंका खंबीर विधवा, आणि उरलेल्या अर्ध्यात शाळेच्या संमेलनातली चिमणी! दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, स्टुडिओची मोटार गल्लीत शिरली. गुरुमूर्ती उतरले ते हसतच.

"कनकम्मा, मानलं मुदलाळींनी. शेवटच्या पाटीवर, बारीक अक्षरात. पण नाव येणार."

रविवार असल्यामुळे वादिराज ओसरीवर होते. 'नाव' हा शब्द ऐकताच ते उठले. हकीकत कळायला त्यांना एक मिनिट लागलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत, कारण सुनेकडे बघायची रीत नव्हती, ते म्हणाले,

"सत्या, तिला सांग. अट काय होती? रावांच्या घरच्या सुनेचें नांव थेटरांत लिहिणें नाही. मंडळांत मी तोंड कसें दाखवूं?"

सत्यनारायण बायकोकडे वळले. ती दोनच हातांच्या अंतरावर उभी होती. "अगो, अण्णा म्हणतात की—"

"ऐकलें," कनकाबाई म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून पुढं आल्या. "भावजी, टपाल आज बंद. मी सांगित्यें तें थेट ऐका."

वादिराजांची मान कॅलेंडरावरून आपोआप वळली. ती सून होऊन आल्यापासूनच्या सतरा वर्षांत हा आवाज त्यांच्या दिशेनं कधी आला नव्हता. तरी तो त्यांना ओळखीचा वाटला, आणि तेच त्यांना कळेना.

"नांव जाईल, नांव जाईल म्हणतां. जायला आधी असावें लागतें की! माझें आहे कोठें? घरांत 'तिला सांग', स्टुडिओंत 'त्या बाईला बोलवा'. नऊ वर्षें मी दुसऱ्यांच्या तोंडांतून बोलल्यें. तुम्ही तीनदां अंगवस्त्र भिजवलेंत, तें कोणाचें ऐकून?"

वादिराजांनी खांद्यावरचं अंगवस्त्र हातात घेऊन पाहिलं. "ती... ती सती?"

"होय, ती सती. आणि गेल्या पोंगलला जिला तुम्ही खुर्चीवर उभे राहून शिव्या दिल्यांत, ती सिनेमांतली सासूही मीच."

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. त्यानं वादिराजांना पुन्हा बळ चढलं. "तें काहीं असो," ते गरजले, "माझ्या घरांत हें चालणार नाही!"

"मग नका चालूं. मी चालत्यें," कनकाबाई म्हणाल्या आणि चपला घालून मोटारीत जाऊन बसल्या.

मोटार सुरू झाली तोच सत्यनारायण अनवाणी धावत खिडकीशी आले. आयुष्यात ते कचेरीच्या गाडीसाठीसुद्धा धावले नव्हते.

"अगो, इनिशियल काय घालणार?"

"इनिशियल?"

"या मुलखांत नुसतें नांव कोण लिहितो? पुढें अक्षर नको? माझें एस घाल."

कनकाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अण्णांना न विचारतां?"

"अण्णांचें अक्षर व्ही आहे," सत्यनारायण म्हणाले. "एस माझें आहे. त्याला विचारायला नको."

किंमत द्यावी लागलीच. वादिराज महिनाभर मठात जेवले. मंडळाच्या बायकांनी दोन वर्षं कनकाबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. कुमुदिनीबाईंनी मात्र पहिल्याच शुक्रवारी बोलावलं, ओटी भरली, आणि जाता जाता विचारलं, "ते नेदें पुन्हा एकदा म्हणून दाखवा हो." वादिराज परत आले ते मठातल्या आमटीला कंटाळून. येताना मात्र म्हणत आले, "सत्या, तिला सांग, मी क्षमा केली नाही." कनकाबाई आतून म्हणाल्या, "मागितलीय कोणी? पान घेतलेंय." ते जेवले.

सिनेमा माउंट रोडच्या थेटरात लागला. पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला कनकाबाई आणि सत्यनारायण वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसले. दिवे मालवले. पाट्या सुरू झाल्या: दिग्दर्शक, घोडे पुरवणारे, केशरचना. कनकाबाईंनी यजमानांचं मनगट घट्ट धरलं. आता फिल्म धुणारी प्रयोगशाळा, आणि त्यानंतर...

नेमका त्याच क्षणी एक लठ्ठ गृहस्थ मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकल्यांची, पुडी घेऊन समोरच्या रांगेत शिरला आणि आपली खुर्ची शोधत पडद्याच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूनं फक्त 'बाई' एवढं दिसत होतं.

"ए! खाली बस!"

कनकाबाई उभ्या राहिल्या होत्या. सगळं थेटर खाली बसलं, उभे नव्हते तेही. त्या गृहस्थाचे गुडघे आपोआप वाकले. आणि पांढऱ्या पाटीवर, बारीक तमिळ अक्षरांत, पुरते दोन सेकंद दिसलं: आवाज – एस. कनकाबाई. सत्यनारायणांनी एसवर बोट रोखलं, जणू तो हलेल.

सिनेमा सुरू झाला. डोंगर, बर्फ, चक्की. दारिंका पिठाची गोणी खाली टाकते आणि आपल्या गाढवावर ओरडते. ती ओरडली मात्र, समोरच्या गृहस्थाच्या तोंडातला मुरुक्कू तसाच राहिला. त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून मागं पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"माझ्याकडं काय बघतोस?" कनकाबाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "नाव वाचायचं राहिलं ना तुझं? उद्याच्या खेळाला ये. आणि वेळेवर ये."